नवा संगणक मध्येच का बंद पडतो?

सुटे भाग आणून आपल्या हातांनी एखादे यंत्र उभे करावे ही हौस विद्यार्थ्यांत फार पूर्वीपासून आहे. एके काळी शाळकरी मुले ट्रान्झिस्टर, कॉइल आणि गँग कंडेन्सर आणून रेडिओ जोडत. आज त्याच वयाची मुले प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय आणून खेळांसाठीचा संगणक जोडतात. काम तसे अवघड नाही. सोल्डर करावे लागत नाही. एक स्क्रू-ड्रायव्हर, चांगला उजेड आणि थोडी सबुरी एवढ्यावर तो एका दुपारीत उभा राहतो.

अडचण येते ती पुढे. जोडणीत चूक झालेला रेडिओ मुका राही. त्याचा दोष सतत हजर असल्यामुळे मीटर घेऊन शोधता येई. संगणकाची गोष्ट वेगळी आहे. तो सुरू होतो, गाणी वाजवतो, पत्रे लिहू देतो आणि खेळ ऐन रंगात आला की पडदा काळा करून टाकतो. पुन्हा सुरू केला की जणू काही घडलेच नाही! असा अधूनमधून येणारा दोष शोधणे कोणत्याही शास्त्रात कठीणच. त्यातून येथे पैशाचा प्रश्न असतो. खेळांच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड हा बहुधा सर्वांत महाग भाग, आणि शंका येते तीही आधी त्याच्यावरच. घरच्यांनी काटकसर करून दिलेले पैसे अशा वेळी चांगले कार्ड बदलण्यात जातात, आणि दोष जागच्या जागी राहतो. म्हणून हा शोध कसा घ्यावा, आणि त्यामागे कोणते पदार्थविज्ञान आहे, ते आपण पाहू.

एका चुकीच्या अंकाची करामत

संगणक बंद पडतो म्हणजे नेमके काय होते? संगणकातील सर्व माहिती ० आणि १ या दोन अंकांत लिहिलेली असते हे तुम्हांस ठाऊक आहे. रॅममध्ये प्रत्येक अंकासाठी एक अतिसूक्ष्म धारित्र असते. त्यात विद्युतभार असला तर १, नसला तर ०. बत्तीस गिगाबाइटच्या रॅममध्ये अशी सुमारे २७,५०० कोटी धारित्रे असतात. ती गळकी असतात, म्हणून त्यांतील भार सतत नव्याने भरावा लागतो. डीडीआर-५ जातीच्या रॅममध्ये हे काम साधारण दर ३२ मिलिसेकंदांनी एकदा पुरे होते.

आता या कोट्यवधी अंकांपैकी एकच चुकीचा वाचला गेला तर काय होईल? समजा, प्रोसेसरला ५ क्रमांकाच्या घरातील माहिती हवी आहे. दोनच्या तिसाव्या घाताच्या जागी ० होता, तो चुकून १ वाचला गेला. मग घराचा क्रमांक ५ न राहता १,०७,३७,४१,८२९ होतो! त्या क्रमांकाचे घर या खेळाच्या वस्तीत नसतेच. संगणकाची मुख्य प्रणाली ही घुसखोरी ओळखते आणि तो कार्यक्रम तेथेच थांबवते. चूक खेळाच्या कामात झाली तर फक्त खेळ बंद होतो. ती मुख्य प्रणालीच्या स्वतःच्या कामात झाली तर सारा संगणक थांबतो आणि प्रसिद्ध निळा पडदा दिसतो. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो पडदा काळा झाला आहे, पण अर्थ तोच.

मात्र प्रत्येक वेळी अंकच चुकलेला असतो असे समजू नका. कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या हातूनही चुका होतात. ग्राफिक्स कार्ड चालवणारी प्रणाली, म्हणजे ड्रायव्हर, सदोष असेल तरीही हेच दृश्य दिसते. दोहोंत फरक करण्याची एक ठोकळ खूण आहे. कार्यक्रमातील चूक बहुधा त्याच जागी, त्याच संदेशासह पुन्हा पुन्हा येते. विजेच्या किंवा रॅमच्या दोषामुळे अंक चुकत असेल तर तो कुठलाही असू शकतो, म्हणून संदेशही दर वेळी निराळा येतो. आज या खेळात, उद्या त्या खेळात, परवा नुसते चित्र पाहताना संगणक बंद पडत असेल आणि प्रत्येक वेळी वेगळी भाषा बोलत असेल, तर जिन्नस तपासायला हवा.

शंभर अँपिअर आणि पाच सेंटिमीटर

अंक चुकतो तरी का? येथे दोन संख्या मनात ठेवा.

पहिली संख्या वेळेची. बाजारात ६००० या वेगाची म्हणून मिळणारी रॅमची पट्टी प्रत्येक तारेवरून सेकंदाला ६०० कोटी अंक पाठवते. म्हणजे एका अंकाच्या वाट्याला नॅनोसेकंदाचा एक षष्ठांश भाग येतो. एवढ्या वेळात प्रकाश निर्वातात फक्त पाच सेंटिमीटर जातो, आणि मदरबोर्डवरील तांब्याच्या रेषेतून विद्युतसंकेत त्याच्या निम्म्याच्या आसपास. रॅमपासून प्रोसेसरपर्यंतचे अंतर त्याहून मोठे आहे. म्हणजे पहिला अंक पोहोचण्याच्या आधीच दुसरा, तिसरा वाटेला लागलेला असतो. संकेत किंचित उशिरा आला, किंवा तारेच्या टोकावरून परावर्तित होऊन पुढच्या संकेतात मिसळला, की ० चा १ व्हायला वेळ लागत नाही. प्रोसेसरच्या आतही हीच शर्यत असते. ५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा असतो, आणि पुढचा ठोका पडण्याआधी आतल्या ट्रान्झिस्टरांच्या साखळीने आपले उत्तर तयार ठेवावे लागते. विद्युतदाब कमी पडला की ट्रान्झिस्टर मंदावतात, आणि उत्तर तयार होण्याआधीच ठोका पडतो.

दुसरी संख्या विद्युतप्रवाहाची. घरातील १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. आता १२० वॅट घेणारा प्रोसेसर पाहा. त्याला दाब लागतो फक्त १.२ व्होल्टच्या आसपास, म्हणजे प्रवाह झाला १०० अँपिअर! नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून इस्त्रीच्या सुमारे तेवीस पट प्रवाह वाहतो. ३०० वॅटचे ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टवर २५ अँपिअर घेते. शिवाय हा प्रवाह एकसारखा नसतो. पडद्यावर स्फोट झाला, नवे दृश्य उघडले, की काही मायक्रोसेकंदांत तो एकदम उसळतो. ही उसळी कार्डाच्या नावापुढे लिहिलेल्या वॅटांहून बरीच मोठी असू शकते. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकाने पॉवर सप्लायला अशी अट घातली की नेमून दिलेल्या शक्तीच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद आला तरी त्याने तग धरावा.

पत्र लिहिताना न बिघडणारा संगणक खेळातच का बिघडतो, याचे उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल.

नव्या यंत्राचे खास दोष

जुन्या संगणकाचा विचार करताना धूळ, झीज, सुकलेला लेप यांचा संशय घ्यावा लागतो. नव्यात तसे नाही. तेथे प्रत्येक जोड मानवी हाताने पहिल्यांदाच बसवलेला असतो. म्हणून तपासाचा आरंभ तेथून करावा.

संगणकाची वायर भिंतीतून काढून ठेवा आणि सारे जोड एकदा दाबून पाहा. ग्राफिक्स कार्डाचा वीजजोड शेवटपर्यंत आत गेला आहे ना? जोडाच्या रोधामुळे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एका पिनेतून आठ अँपिअर जात असतील आणि रोध पाच मिलिओहम असेल, तर उष्णता निघते फक्त ०.३२ वॅट. सैल जोडामुळे रोध दसपट झाला की तीच ३.२ वॅट होते, आणि टाचणीएवढ्या पिनेला ती फार झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आलेल्या आरटीएक्स ४०९० या बलाढ्य कार्डाचे काही जोड वितळल्याच्या बातम्या लगेच येऊ लागल्या. तेव्हा जोड पुरता आत न बसणे हे त्याचे एक कारण असल्याचे एनव्हिडिया कंपनीने सांगितले होते. कार्डाला दोन वीजजोड लागत असतील तर एकाच केबलची दोन तोंडे वापरण्यापेक्षा दोन स्वतंत्र केबली वापराव्यात. आणि एक गोष्ट तर कधीच करू नये. एका पॉवर सप्लायची सुटी केबल दुसऱ्याला लावू नये. टोके सारखी दिसली तरी पॉवर सप्लायच्या बाजूची तारांची मांडणी वेगळी असू शकते, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेले की डिस्क कायमची जाते.

रॅमच्या पट्ट्या दोनच असतील तर चार खाचांपैकी कोणत्या दोन वापरायच्या हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते. बहुतेक वेळा त्या प्रोसेसरकडून मोजता दुसरी आणि चौथी अशा असतात. बोर्डाखालचे पितळी आधारस्क्रू बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना, एखादा जास्तीचा राहून गेला नाही ना, हेही पाहा. तो बोर्डाच्या पाठीला टेकला तर विजेला नको असलेली वाट मिळते.

उष्णतेविषयी थोडक्यातच सांगतो, कारण तिच्यावर गरजेपेक्षा जास्त संशय घेतला जातो. आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की स्वतःहून वेग कमी करतात. त्यानेही भागले नाही तरच बंद होतात. म्हणून तापलेला संगणक आधी रेंगाळतो, मग बंद पडतो. मुळीच न रेंगाळता तो क्षणात काळा होत असेल तर उष्णता हा पहिला संशयित नव्हे. मात्र शीतकाच्या तळाला चिकटवलेला पारदर्शक संरक्षक कागद काढायचा राहून गेला असेल तर सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापमान शंभरीला भिडते. हा विसर इतका सर्वसामान्य आहे की तो तपासून पाहण्यात कमीपणा मानू नये. शिवाय खोलीतील हवा जितके अंश तापेल, साधारण तितकेच अंश आतले भागही जास्त तापतात. जानेवारीत पुण्यात ठीक चाललेला संगणक मे महिन्यात नागपूरला नेला तर हा हिशेब लक्षात ठेवावा.

संदेशावर किती विश्वास ठेवावा?

बंद पडलेला संगणक पुन्हा सुरू झाला की विंडोजच्या नोंदवहीत काय लिहिले आहे ते पाहण्याची चांगली सवय पुष्कळांना असते. तेथे हमखास एक नोंद सापडते: 'कर्नेल-पॉवर ४१'. यातील पॉवर हा शब्द वाचून कित्येकांनी नवा पॉवर सप्लाय विकत आणला आहे! वास्तविक या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. घड्याळ बंद पडलेले दिसले तर त्यावरून ते केव्हा थांबले ते कळते, का थांबले ते कळत नाही. तसेच हे.

संदेश जेथे दोष दिसला ती जागा सांगतो. दोष जेथे जन्मला ती जागा दुसरीच असू शकते. याचे अलीकडचे मोठे उदाहरण इंटेल कंपनीच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही वेगवान प्रोसेसरांचे आहे. असे प्रोसेसर घालून जोडलेल्या संगणकांवर अनेक नवे खेळ सुरू होतानाच बंद पडू लागले, आणि पडद्यावर संदेश येई की ग्राफिक्सची स्मृती अपुरी पडत आहे. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला. कोणी ड्रायव्हर बदलले, कोणी कार्डेच बदलली.

खरी गोष्ट अशी होती. खेळातील माहिती जागा वाचवण्यासाठी दाबून, आकुंचित करून साठवलेली असते आणि खेळ सुरू होताना प्रोसेसर ती उलगडतो. उलगडण्याच्या या कामात प्रत्येक पुढचा अंक मागच्या अंकांवर अवलंबून असतो. त्यामुळे मध्ये एक अंक चुकला की पुढचे सारे बिघडते आणि ते तपासणीत लगेच पकडले जाते. साध्या कामांत न कळता निसटून गेली असती अशी चूक येथे उघडी पडत होती. उलगडण्याची ही प्रणाली बनवणाऱ्या रॅड या संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केले की दोष खेळात नाही, प्रणालीत नाही, तो यंत्रात आहे. प्रोसेसरचा वेग किंचित कमी केला की पुष्कळांचे संगणक सुरळीत चालत, ही खूणही बोलकी होती. उत्तर तयार होण्याआधी ठोका पडतो, हे आपण वर पाहिलेच आहे.

इंटेलने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मूळ कारण सांगितले. प्रोसेसरच्या आत घड्याळाचे ठोके सर्वत्र पोहोचवणारा जो भाग असतो, तो जास्त विद्युतदाब आणि उष्णता यांमुळे अकाली जीर्ण होत होता. काही प्रसंगी मदरबोर्डची मांडणीच मर्यादेपलीकडची होती. काही प्रसंगी प्रोसेसरच्या आतील सूचनाच गरजेपेक्षा जास्त दाब मागत होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये दिलेल्या सुधारणेने ही मागणी १.५५ व्होल्टच्या आत ठेवली, पुढे आणखी एक सुधारणा आली, आणि कंपनीने या प्रोसेसरांची हमी तीन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढवली. पण जो प्रोसेसर आधीच जीर्ण झाला होता तो सुधारणेने बरा होत नव्हता. तो बदलूनच घ्यावा लागे. तुम्ही यांपैकी एखादा प्रोसेसर घेतला असेल, विशेषतः वापरलेला, तर मदरबोर्डचे बायोस नवे आहे की नाही ते सर्वांत आधी पाहा.

शोध घेण्याची रीत

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पहिले साधन म्हणजे शंभर पानी वही. प्रयोगशाळेच्या जर्नलप्रमाणे तिच्यात प्रत्येक वेळी नोंद करा: तारीख, काय चालू होते, किती मिनिटांनी बंद पडला, कसा बंद पडला, तापमान किती होते. 'कसा' हा रकाना फार मोलाचा आहे. फक्त खेळ बंद होऊन मूळ पडदा आला, की निळा किंवा काळा पडदा येऊन संदेश दिसला, की चित्र गोठून आवाज घोघो करीत राहिला, की सारे पंखे थांबून यंत्र निपचित पडले? पाठीमागचे बटण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय यंत्र सुरूच होत नसेल, तर पॉवर सप्लायने स्वसंरक्षणासाठी वीज तोडली असण्याचा संभव मोठा. घरातील पाण्याचा पंप किंवा फ्रिज सुरू होण्याच्या क्षणाशी वेळ जुळते का, तेही लिहा. वीज अगदी क्षणभर गेली तर पॉवर सप्लायमधील धारित्रे यंत्र तगवतात, पण तो काळ मुख्य विजेच्या एका आवर्तनाहून, म्हणजे २० मिलिसेकंदांहून, सहसा कमीच असतो.

दुसरी पायरी: सर्व काही मूळ वेगावर आणा. येथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. 'मी वेग कुठे वाढवला आहे?' असे ते म्हणतात. परंतु रॅमच्या खोक्यावर ६००० लिहिलेले असले तरी पट्टी प्रथम ४८०० सारख्या मानक वेगाने चालू होते. वरचा वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाची मांडणी निवडावी लागते, आणि ती निवडली की रॅमचा दाबही मानक १.१ व्होल्टवरून बऱ्याचदा १.३५ व्होल्टपर्यंत चढतो. पट्टीच्या निर्मात्याने तो वेग पट्टीपुरता तपासलेला असतो. तुमच्या मदरबोर्डाने आणि तुमच्या प्रोसेसरने तो तपासलेला नसतो. तेव्हा ही मांडणी बंद करा आणि मग संगणक चालवून पाहा. या पायरीला एक पैसाही लागत नाही, आणि माझ्या मते नव्या संगणकाच्या बाबतीत तीच सर्वांत फलदायी आहे.

तिसरी पायरी एकेका भागावर वेगवेगळा ताण देण्याची. रॅमसाठी मेमटेस्ट हा कार्यक्रम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. तो विंडोजविना चालतो, म्हणून त्यात चूक आढळली तर ड्रायव्हरवर बोट ठेवता येत नाही. एक चूक दिसली तरी ती खरी चूक समजावी. प्रोसेसरसाठी प्राइम९५ हा कार्यक्रम वापरतात. त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. मर्सेन मूळसंख्या शोधण्याच्या १९९६ मध्ये सुरू झालेल्या जागतिक उपक्रमासाठी तो लिहिला गेला. महिनोन् महिने चालणाऱ्या आकडेमोडीत एकही अंक चुकून चालत नसल्यामुळे तो स्वतःची उत्तरे सतत पडताळतो. आणि याच गुणामुळे गणितज्ञांचे हत्यार संगणक जोडणाऱ्यांच्या हाती आले. त्यानंतर फक्त ग्राफिक्स कार्डावर ताण देणारी चाचणी करा. वेगवेगळे ताण सोसणारा संगणक दोन्ही ताण एकदम देताच बंद पडला, तर पॉवर सप्लायकडे पाहा. पाहा म्हणजे उघडून नव्हे! त्याच्या आतील धारित्रांवर ३०० व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि वायर काढल्यावरही काही काळ टिकतो. तो भाग फक्त बदलून पाहायचा असतो, शक्यतो मित्राकडून तासाभरासाठी मागून आणून.

या सर्वांत एका वेळी एकच बदल करावा. एका संध्याकाळी ड्रायव्हर, बायोस, रॅम आणि केबल सारे बदलले आणि संगणक सुधारला, तर आनंद होईल, पण कशाने सुधारला ते कळणार नाही. आठवड्याने दोष परतला तर तुम्ही पुन्हा पहिल्याच पायरीवर.

सुधारला हे केव्हा म्हणावे?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि बहुतेक जण फसतात ते येथेच. समजा, तुमचा संगणक सरासरी तासाला एकदा बंद पडतो. तुम्ही एक बदल केला आणि तो तासभर नीट चालला. दोष गेला का?

एक फासा घ्या. दर दहा मिनिटांनी तो टाकायचा, आणि ६ पडले की संगणक बंद पडला असे समजायचे. असा 'संगणक' सरासरी तासाला एकदा बंद पडेल. आता तासाभरात, म्हणजे सहा वेळा फासा टाकून, एकदाही ६ न पडण्याची शक्यता किती? प्रत्येक वेळी ती ५/६ आहे. सहा वेळा गुणल्यावर येते सुमारे ०.३३. म्हणजे तुम्ही काहीही दुरुस्त केले नसते तरी तीनपैकी एका खेपेस संगणक तो तास सुखरूप पार पाडणारच! तीन तास, म्हणजे अठरा वेळा, ६ न पडण्याची शक्यता मात्र ०.०४ हून कमी आहे. यावरून एक सोपा नियम निघतो. दोन बिघाडांतील सरासरी वेळ वहीवरून काढा आणि त्याच्या निदान तिप्पट वेळ संगणक विनातक्रार चालला तरच पुढे जा. वर्गात हा प्रयोग तीस मुलांना फासे देऊन करता येईल. शिक्षकांनी तो जरूर करून घ्यावा. किती मुलांचे 'संगणक' पहिल्या तासात आपोआप बरे झाले ते मोजावे.

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने हा नियम पाळला म्हणून त्याचे पैसे वाचले. त्याचा नवा संगणक सरासरी चाळीस मिनिटांनी बंद पडे, आणि दुकानदाराने पाहताक्षणी सांगितले होते, "कार्ड गेलंय, दुसरं घे." कार्ड त्याच्या एकूण खर्चाच्या जवळजवळ निम्मे होते. त्याने घाई केली नाही. रॅमची वेगवान मांडणी बंद करून संगणक सहा तास चालवला. एकदाही बंद पडला नाही. मांडणी पुन्हा चालू केली तर पंचवीस मिनिटांत बंद. ही उलट तपासणी फार महत्त्वाची आहे. कारण काढून घेतल्यावर दोष जातो आणि परत आणल्यावर दोष परततो, तेव्हाच नाते पक्के होते.

आता रॅमची पट्टी सदोष आहे असेच कोणीही म्हणेल. त्याच्या संगणकात चार पट्ट्या होत्या. दोन आधी घेतलेल्या, दोन महिन्याभराने. त्याने पहिल्या दोनच ठेवून वेगवान मांडणी चालवली. सहा तास ठीक. मग त्या काढून दुसऱ्या दोन, त्याच खाचांत. त्याही ठीक! एकही पट्टी सदोष नव्हती. दोष होता तो चौघींना एकत्र त्या वेगाने पळवण्यात. खाचांच्या दोन जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील दोन पट्ट्या त्याच तारांवर बसतात. तारेला फाटा फुटला की संकेत फाट्याच्या टोकावरून परावर्तित होतो, आणि नॅनोसेकंदाच्या एक षष्ठांशात हा गोंधळ शमत नाही. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या हे आपल्या तक्त्यात स्पष्ट लिहितात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी दोन पट्ट्यांना ५२०० तर चार पट्ट्यांना ३६०० एवढाच वेग दिलेला आहे. तक्ता वाचतो कोण, हा निराळा प्रश्न.

दुसरी जोडी परत करण्याची मुदत तोवर संपली होती. म्हणून तो आता चारही पट्ट्या कमी वेगाने चालवतो. खेळताना डोळ्यांना फरक जाणवत नाही असे त्याचे म्हणणे आहे.

तुमच्या तपासात एखादा भाग खरोखरच सदोष निघाला, तर तो परत पाठवण्यापूर्वी आणखी एक करा. तो भाग मित्राच्या चांगल्या संगणकात घालून पाहा, आणि मित्राचा चांगला भाग तुमच्या संगणकात. दोष भागाबरोबर तिकडे गेला आणि तुमच्याकडून नाहीसा झाला, तर दुकानदाराला दाखवायला पुरावा तयार आहे. मात्र पॉवर सप्लायच्या बाबतीत ही अदलाबदल एकाच बाजूने करावी. संशयित पॉवर सप्लाय चांगल्या यंत्राला लावू नये. प्रत्येक भागाचे बिल, खोके आणि त्यावरील अनुक्रमांक हमी संपेपर्यंत जपून ठेवा. आणि पहिल्याच आठवड्यात या सर्व चाचण्या उरकून घ्या, कारण दुकानातून थेट बदलून मिळण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. त्यानंतर भाग कंपनीकडे पाठवून वाट पाहावी लागते.